क्रॉसबोला राज्यभर एकच कात्री लावू नका

माननीय सदस्य,
विस्कॉन्सिन नैसर्गिक संसाधन मंडळ, मॅडिसन

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे रीतसर पाठवली आहे. तेच पुन्हा मराठीत लिहिते आहे ते आमच्या माणसांसाठी. मॅडिसन आणि मिल्वॉकीच्या आसपास मराठी घरं आता बरीच आहेत. त्यातल्या बहुतेकांना हरीण म्हणजे अंगणातली झाडं ओरबाडणारं किंवा रात्री गाडीसमोर उडी मारणारं जनावर, एवढीच ओळख. त्यांची शिकार कधी, कशाने आणि किती करायची हे सात माणसांचं एक मंडळ ठरवतं, त्याच्या सभा खुल्या असतात आणि तिथे जाऊन कुणालाही बोलता येतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. तेव्हा पत्र आपल्याला असलं तरी मध्ये मध्ये मी त्यांच्याशी बोलेन. आपण समजून घ्यावं.

विषय क्रॉसबोचा आहे, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेल्या आडव्या धनुष्याचा. धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला मोकळं रान दिल्यापासून त्याला वेसण घाला, अशी मागणी पुन्हा पुन्हा होते. कुणी म्हणतं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद करा, कुणी म्हणतं त्याचा नराचा टॅग (एक नर मारण्याची परवानगी) वेगळा काढा, कुणी म्हणतं पूर्वीसारखा फक्त म्हाताऱ्यांना आणि अपंगांना द्या. माझं म्हणणं थोडक्यात असं, की क्रॉसबोचा परिणाम उत्तरेत एक झाला आहे आणि दक्षिणेत दुसरा. त्यामुळे राज्यभर एकच नियम करू नका. ज्या त्या काउंटीला ठरवू द्या.

आता थोडी पार्श्वभूमी. सदस्यांनी हा भाग वगळला तरी चालेल.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हे आपल्या हाडीमांसी मुरलेलं आहे. त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाचे द्रोण भरता भरता कुणीतरी हळूच विचारतं, "अगं, तू खरंच हरणं मारतेस?" (गणपती नेमके धनुष्याचा हंगाम उघडतो त्याच सुमाराला येतात. दर वर्षी माझी ओढाताण होते.) पुण्यामुंबईच्या माणसाच्या प्रश्नात धक्का असतो. यवतमाळ-अमरावतीकडच्या माणसाच्या प्रश्नात तो नसतो. रोह्यांनी आणि रानडुकरांनी रातोरात आडवं केलेलं शेत ज्याने पाहिलंय, तो सरळ विचारतो, "परवाना कसा मिळतो?"

इथे दक्षिण विस्कॉन्सिनात वाढलेल्या हरणाला मारणारं मोठं जनावर उरलेलं नाही. कोयोटी पाडसं नेतात. बाकी काम माणसाकडे आणि मोटारीकडे. मका आणि सोयाबीन खाऊन माजलेली, रानाच्या तुकड्यातुकड्यांत लपणारी ही हरणं शिकार थांबली तर काही वर्षांत जंगलाची नवी रोपटी उगवू देत नाहीत. म्हणून इथे शिकार हा नुसता शौक नाही, तो व्यवस्थापनाचा भाग आहे. परवान्याच्या पैशावर वन्यजीव खातं चालतं. शिवाय बंदुका, काडतुसं, धनुष्यं यांच्यावर 11 टक्क्यांच्या आसपास केंद्रीय अबकारी कर बसतो, त्यातला वाटा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे येतो. 1937 मध्ये ही व्यवस्था बंदुकांपासून सुरू झाली, धनुष्यं त्यात नंतर आली.

हंगामाची मांडणी अशी. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, काही काउंटींत जानेवारीअखेरपर्यंत. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र नऊच दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, पुढच्या रविवारी संपतो. आणि हरणांचा माज शिगेला पोचतो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एरवी रात्रीशिवाय न दिसणारा मोठा नर त्या दिवसांत भर दुपारी, नाक जमिनीला लावून, मादीच्या मागावर मचाणाखालून जातो. हे दिवस सगळेच्या सगळे धनुष्यवाल्यांच्या वाट्याला येतात. बंदूकवाला रानात पोचतो तोवर माज ओसरायला लागलेला असतो आणि नर एक तर थकलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये असतो. भांडणाचं मूळ इथे आहे.

ही वाटणी झाली तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. 1934 मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत धनुष्याचा पहिला हंगाम दिला गेला. लाकडी धनुष्याने हरीण मिळणं इतकं दुर्मीळ, की त्यांना कितीही दिवस दिले तरी बंदूकवाल्याच्या ताटातलं काही कमी होत नव्हतं. मग मिझुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. 1969 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि कंपाउंड धनुष्य आलं. पूर्ण ओढल्यावर हातावर येणारं वजन एकदम उतरतं, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. तेव्हाचे जुने तिरंदाज म्हणाले, हे धनुष्यच नव्हे. आज त्याच कंपाउंडवाल्यांची मुलं क्रॉसबोकडे बोट दाखवून तेच म्हणतात. क्रॉसबो धनुष्य आहे की नाही, या वादात मी पडणार नाही. ट्रॉफीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने क्रॉसबोची शिकार आपल्या वहीत घ्यायची नाही असं ठरवलं आहे. तो त्यांचा अधिकार आहे. सरकारी मंडळाने बघायचं ते हरणांचं आणि माणसांचं काय होतंय एवढंच.

फरक काय आहे तो मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण दोन्ही बाजू तो सोयीने सांगतात.

माझा उजवा खांदा आखडलेला आहे. कंपाउंड मला आता ओढवत नाही, म्हणून मी क्रॉसबो वापरते. त्याचं टोक जमिनीला टेकवायचं, पुढच्या रिकिबीत पाय घालायचा, दोरीचे दोन आकडे प्रत्यंचेला मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे अडकवायचे आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर उठायचं. खट्ट वाजलं की प्रत्यंचा बसली. सेफ्टी आपोआप लागते. दीडशे-दोनशे पौंडांचा ताण असा यंत्राने धरून ठेवला, की तो दिवसभर तसाच राहतो. मग आपण मचाणावर चढायचं, अंगभर घातलेला सुरक्षेचा पट्टा झाडाला बांधायचा, खाली ठेवलेला क्रॉसबो दोराने वर ओढून घ्यायचा आणि तिथे बसल्यावरच त्यात बाण ठेवायचा. डाव्या हाताची बोटं आणि अंगठा, प्रत्यंचा ज्यावरून धावते त्या रुळाच्या खाली आहेत ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघायचं. सुटलेली प्रत्यंचा अंगठ्याची गय करत नाही. आणि अंधार पडेपर्यंत काही आलंच नाही, तर बऱ्याच क्रॉसबोंची प्रत्यंचा हाताने सैल सोडता येत नाही. खाली उतरून एखादा जुना बाण मातीत मारूनच ती उतरवावी लागते.

साधं किंवा कंपाउंड धनुष्य घेऊन बसलेल्याला हरीण वीस यार्डांवर आल्यावर धनुष्य ओढावं लागतं. हात हलतो, कोपर मागे जातं. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, एवढी हालचाल त्याला पुरते. जवळ आलेली किती हरणं त्या क्षणात हातची जातात ते धनुष्यवाल्यांना विचारा. क्रॉसबोत हा क्षणच नाही. दस्ता खांद्याला लावलेला, दुर्बीण बसवलेली, चाप ओढला की झालं. नवशिक्याला काही आठवड्यांच्या सरावात नीट नेम साधतो. धनुष्याला वर्षं लागतात. हा फरक मोठा आहे आणि आम्ही क्रॉसबोवाल्यांनी तो नाकारू नये.

पण म्हणून ती बंदूकही होत नाही. जाहिरातीत बाणाचा वेग सेकंदाला किती फूट हे मोठ्या अक्षरांत छापतात, तरी शहाणा माणूस चाळीस यार्डांपलीकडे जिवंत हरणावर बाण सोडत नाही. बाण खाली पडत जातो, आणि क्रॉसबोचा आवाज चांगलाच मोठा असतो. आवाज बाणाच्या पुढे धावतो. हरीण दचकून अंग खाली घेतं आणि नेम वर जातो. दुसरा बाण लावेपर्यंत ते पार पलीकडच्या शेतात. नऊ दिवसांच्या हंगामात रायफल घेऊन बसलेला माणूस जे दीडशे यार्डांवरून करतो, त्याच्याशी याची बरोबरी लावणं म्हणजे उगाच वडाची साल पिंपळाला.

2014 पूर्वी इथे क्रॉसबो पासष्टी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना चालत होता. 2013 च्या ॲक्ट 61 ने तो सगळ्यांना खुला केला आणि 2014 पासून क्रॉसबोचा हंगाम धनुष्याच्या हंगामाबरोबरच चालू लागला. धनुष्याचा परवाना असेल तर तीन डॉलर जास्त भरून दोन्ही वापरता येतात. नराचा टॅग मात्र दोन्हींत मिळून एकच. काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. आपल्याच खात्याचे आकडे आहेत, वाद नाही.

वाद पुढे आहे. बंदूकवाले म्हणतात, क्रॉसबोने आमचा हंगाम खाल्ला. 2000 साली राज्यात सगळी हत्यारं धरून सहा लाखांहून जास्त हरणं मारली गेली होती. अलीकडे आकडा तीन लाखांच्या आगेमागे असतो. तेव्हा बंदुकीचे परवाने जवळपास सात लाख होते, आता साडेपाच लाखांच्या आसपास. पण ही उतरंड क्रॉसबो खुला होण्याच्या कितीतरी आधी लागली. ज्या पिढीने शिकारीचे कॅम्प उभे केले ती म्हातारी झाली. मुलं मिनीॲपोलिसला, शिकागोला गेली. पूर्वी ज्या शेतात दहा जण हाका घालत त्या शेताचे चार तुकडे झाले आणि प्रत्येकावर शिकारबंदीची पाटी लागली. हे सगळं क्रॉसबोच्या माथी मारणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

उलट शिकार सोडून चाललेल्यांपैकी काही जणांना क्रॉसबोनेच धरून ठेवलं आहे. आमच्या रस्त्यावर एक शेतकरी आहेत, सत्तरीचे. हिप बदललेली. नोव्हेंबरअखेरच्या थंडीत पहाटे चारपासून रायफल घेऊन बसणं त्यांनी सोडलं. ऑक्टोबरात मात्र दुपारी तीन वाजता, पन्नास डिग्री फॅरनहाइटला, गोठ्यामागच्या मचाणावर क्रॉसबो घेऊन बसतात आणि सहाला घरी जेवायला येतात. नोकरी करणाऱ्या बायकांचंही तसंच. मुलांना शाळेतून आणायचं, मग दीड तास रान. बंदुकीला जिथे परवानगीच नाही अशा वस्तीलगतच्या रानातही बाण चालतो. हा माणूस परवान्याचे पैसे भरतोय, हरीण मारतोय, मांस खातोय. त्याला हंगामातून काढलं तर तो पुन्हा कंपाउंड उचलणार नाही. घरी बसेल.

तरीही बंदूकवाल्यांची तक्रार सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. क्रॉसबोने एकूण शिकार वाढवली असं दिसत नाही. ती पुढे सरकवली. जी हरणं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नारिंगी जॅकेटवाल्यांना मिळायची, त्यातली काही आता दोन आठवडे आधीच जातात. त्यातही नर जास्त. धनुष्य असो वा क्रॉसबो, एकट्याने बसून वाट बघणारा माणूस शिंगांची वाट बघतो. मादी समोर आली तर म्हणतो, जाऊ दे, मागून मोठा येईल.

आणि जे जातं ते नुसतं हरीण नसतं. बंदुकीच्या हंगामात एका गटातला माणूस दुसऱ्याच्या टॅगवर हरीण मारू शकतो. धनुष्य-क्रॉसबोत ही सवलत नाही. त्यामुळे कॅम्प सामायिक असतो. आजोबांचा टॅग नातू भरतो. शनिवारी संध्याकाळी बारमध्ये कुणी काय मारलं याच्या गप्पा रंगतात. 2015 पासून नोंदणी फोनवर किंवा ऑनलाइन झाली, तेव्हाच त्या गप्पांचं निम्मं पाणी गेलं. पूर्वी हरीण पिकअपमध्ये टाकून पेट्रोल पंपावरच्या नोंदणी केंद्रावर न्यावं लागे, आणि अख्खं गाव ते बघायला जमे. मला त्या केंद्रांची आठवण येते. कॉफी वाईट असायची.

आता उत्तर आणि दक्षिण.

उत्तरेकडे, म्हणजे विलास, प्राइस, सॉयर या पट्ट्यात, मोठं सलग जंगल आहे. शेक्वामेगन-निकोलेट राष्ट्रीय वनच पंधरा लाख एकरांचं. तिथे हरणांची संख्या हिवाळा ठरवतो. आपलं खातं 1 डिसेंबर ते 30 एप्रिल हिशोब ठेवतं. जमिनीवर अठरा इंच बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण, शून्य फॅरनहाइटच्या खाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक. गुण वाढले की पाडसं मरतात, माद्या अशक्त होतात. वर लांडगे. 2013-14 च्या हिवाळ्यानंतर उत्तरेतल्या कितीतरी काउंटींत मादी मारायला बंदीच घालावी लागली होती. जिथे मादी मारताच येत नाही तिथे नर हीच सगळी शिकार. आणि तो नर जर माजाच्या दिवसांत क्रॉसबोवाल्याने नेला, तर नऊ दिवस तंबू ठोकून बसलेल्याला काय उरलं? सलग दोन-तीन वर्षं हात हलवत परतलेला माणूस चौथ्या वर्षी परवाना काढत नाही. उत्तरेच्या छोट्या गावांचं मोटेल, हॉटेल, किराणा त्या नऊ दिवसांवर बरंचसं अवलंबून असतं. तिथल्या लोकांचा राग मला समजतो.

दक्षिणेत चित्र उलटं आहे. फेब्रुवारी 2002 मध्ये माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला, मिसिसिपीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. मेंदूतल्या प्रथिनाची घडी बिघडते, हरीण खंगत जातं, लाळ गाळत उभं राहतं आणि मरतं. औषध नाही, लस नाही. हे प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आता डेन, आयोवा, सॉक, रिचलंड या काउंटींच्या काही भागांत वाढलेल्या नरांत तपासणीत आजारी निघण्याचं प्रमाण धडकी भरवणारं आहे. माद्यांपेक्षा नरांत हा रोग बराच जास्त आढळतो, कारण नर हिंडतो, माजात दहा कळपांना तोंड लावतो.

मी याच भागात राहते. हरीण मारलं की आधी डोकं कापायचं, मानेचा चार-पाच इंच भाग ठेवून. जाडसर प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, कागदावर जागा आणि तारीख लिहायची आणि तपासणीच्या पेटीत टाकून यायचं. मग निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, आकडा लिहिलेल्या पुड्यांत. रोग निघाला तर खाऊ नका असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी मी खात नाही. मग गरम मसाला घालून शिजवायचं ठरवलेलं सगळं कचऱ्यात. आमच्याकडे जेवायला येणारे आता दारातूनच विचारतात, "रिपोर्ट आला का?"

या भागात मोठा नर नोव्हेंबरच्या सहा तारखेला क्रॉसबोने मेला, तर त्याचं दुःख शिकाऱ्याच्या वहीत असेल, हरणांच्या हिशोबात नाही. उलट माजात दूरवर हिंडून रोग पसरवण्याआधी तो गेला, हे बरंच झालं. इथे माजाच्या दिवसांत क्रॉसबो बंद करणं म्हणजे जे काम हवंय तेच करणाऱ्याला हाकलणं.

क्रॉसबोने दक्षिणेचा प्रश्न सुटला असंही मात्र मी म्हणत नाही. कळप कमी करायचा तर माद्या माराव्या लागतात, आणि ते इथल्या शिकाऱ्याला कधीच गोड लागलेलं नाही. आपल्या मंडळाच्या पूर्वीच्या अवतारात, म्हणजे संवर्धन आयोगात, 1943 मध्ये वन्यजीव व्यवस्थापनाचे जनक मानले जाणारे ॲल्डो लिओपोल्ड होते. स्वतः हाताने धनुष्यं बनवणारा माणूस. हरणांनी जंगल खाल्लं म्हणून माद्या मारायची परवानगी त्यांनी लावून धरली. त्या वर्षी राज्यभरातून त्यांना इतक्या शिव्या बसल्या, की पुढे कित्येक वर्षं त्या हंगामाचं नाव काढलं तरी लोक भडकत. नंतर 'आधी मादी मारा, मग नराचा टॅग मिळेल' असा नियम काही भागांत आला, चाललाही. 2011 मध्ये विधिमंडळाने तो कायद्यानेच काढून टाकला. तो परत आणणं आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण हत्यार बदलून मादीचा प्रश्न सुटेल किंवा बिघडेल, असं म्हणणाऱ्याला हा इतिहास दाखवावा.

इतर राज्यांचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. ओहायोत क्रॉसबो कैक दशकं आहे आणि बंदुकीचा हंगामही शाबूत आहे. मिशिगनने 2009 पासून मोकळीक द्यायला सुरुवात केली, मिनेसोटाने 2023 मध्ये. दुसऱ्या टोकाला ओरेगनात क्रॉसबोने शिकारच करता येत नाही. यातून एवढंच कळतं, की प्रत्येकाने आपल्या रानाकडे बघून ठरवलं. आपल्या राज्यात रानं दोन आहेत.

म्हणून माझी मागणी. 2014 पासून प्रत्येक काउंटीत हरीण सल्लागार समिती आहे. शेतकरी, वनवाले, शिकारी, पर्यटनवाले त्यात बसतात. मादीचे किती टॅग द्यायचे, धनुष्याचा हंगाम जानेवारीअखेर वाढवायचा की नाही, याची शिफारस त्या करतात आणि आपण त्यावर शिक्कामोर्तब करता. त्याच समितीला आणखी एक पर्याय द्या. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरा दिवसांत त्या काउंटीत क्रॉसबोने नर मारायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. बंद केलं तरी पासष्टीवरच्यांना आणि अपंगांना सूट असावी, पूर्वी होती तशी, आणि क्रॉसबोने मादी मारायला कुठेच आडकाठी नसावी. प्राइस काउंटीला हवं तर तिने बंद करावं. आयोवा काउंटीवर ते लादू नये. तीन वर्षांनी समितीने पुन्हा बघावं.

नियम काउंटीगणिक बदलले तर लोक गोंधळतील, असा आक्षेप येईल. शिकारी माणूस इतका भोळा नाही. मादीचा टॅग आजही काउंटी निवडूनच मिळतो, खासगी जमिनीचा वेगळा, सरकारी जमिनीचा वेगळा. फोनवर नोंद करताना काउंटी आणि हत्यार दोन्ही सांगावं लागतं. मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ही माहिती खात्याकडे असते. तेव्हा समितीच्या बैठकीत ती आठवड्यागणिक, नर आणि मादी वेगळे करून, क्रॉसबो, धनुष्य आणि बंदूक शेजारी शेजारी ठेवून मांडा. निम्मी भांडणं तो तक्ता बघूनच मिटतील. उरलेली निम्मी मग निदान खऱ्या आकड्यांवर होतील.

आणि आमच्या मराठी मंडळींना एक विनंती. संवर्धन काँग्रेसच्या (मंडळाला सल्ला देणाऱ्या नागरिकांच्या संस्थेच्या) वसंतातल्या सुनावण्या एप्रिलमध्ये सगळ्या 72 काउंटींत होतात, मत ऑनलाइनही देता येतं. शिकार करत नसाल तरी चालतं, राज्यात राहणं पुरे. ज्यांच्या अंगणातली ट्युलिप दर मे महिन्यात गायब होतात त्यांनी तरी पाच मिनिटं काढावीत.

पुढच्या सुनावणीच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न असा यावा, अशी मंडळाला विनंती: "आपल्या काउंटीच्या हरीण सल्लागार समितीला 1 ते 15 नोव्हेंबर या काळात क्रॉसबोने नर मारण्यास मनाई करण्याचा अधिकार द्यावा का? पासष्ट वर्षांवरील व अपंग शिकाऱ्यांना यातून सूट असेल. होय किंवा नाही."

कळावे,
आपली,
माउंट होरेबजवळची एक परवानाधारक